गोष्टीत नसलेला नाला

खाणीवरची एखादी गोष्ट आठवा. कुठलीही चालेल. आता सांगा, त्या खाणीतून उपसलेली माती त्या लोकांनी कुठं नेऊन टाकली होती?

नाही ना सांगता येत? मलाही आलं नसतं, आणि मी तर तशी गोष्ट लिहून बसले आहे! याच मासिकाच्या गेल्या दिवाळी अंकात ती छापून आली. पैनगंगेपलीकडच्या एका टेकडीत खाण निघते. धुरानं सूर्य झाकला जातो, मजूर डोक्याला दिवे बांधून बोगद्यात उतरतात, सोन्याच्या दाताचा ठेकेदार चाबूक घेऊन उभा राहतो आणि शेवटी रुक्मी नावाची मजूरबाई दरडीखाली मरते. नदी काळे अश्रू ढाळते. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी रडू आल्याचं कळवलं. मी ती पत्रं उशाशी ठेवून झोपत होते.

मी खाण पाहिलेली नव्हती. यवतमाळला आमच्या पुढच्या खोलीत वडिलांचं छपाईचं ट्रेडल मशीन आहे. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर, आणि पत्रकात माणसं दोनच असतात, एक लुटणारा आणि एक लुटला जाणारा. आदिलाबादच्या मावशीनं एका पत्रात लिहिलं होतं, ‘हल्ली दारावरून काळ्या दगडांचे ट्रक जातात.’ तेवढ्या एका ओळीवर मी सोळा पानं उभी केली.

मग फेब्रुवारीत एक पोस्टकार्ड आलं. ‘बाई, तुमची गोष्ट आदिलाबादच्या वाचनालयात वाचली. टेकडी आमचीच दिसते. तुमी कदी येऊन गेल्या? आमाले तर दिसल्या नाई. आता या. नाला दाखवतो. गणपत, मुक्काम बोरटेक.’

मी ते चार वेळा वाचलं. नाला? माझ्या गोष्टीत नाला कुठं होता? एप्रिलच्या सुरुवातीला मी पिशवी भरली.

आदिलाबाद

पैनगंगेचा पूल ओलांडला की पाट्यांची लिपी बदलते. ऊन मात्र तेच राहतं. मावशीचं कुटुंब निजामाच्या काळापासून इथं आहे. काका शाळेत मास्तर. घरात मराठी, बाजारात तेलुगू, कचेरीत उर्दूमिश्रित काहीतरी आणि ताटात सगळंच! पहिल्या जेवणात अंबाडीची भाजी आली, ती आपल्यासारखी ज्वारीच्या कण्या घालून केलेली नव्हती, तेलात परतून मिरच्यांनी लाल केलेली होती. शेवटी चिंचेचा भात. आमच्याकडे भाताला चिंच लावली तर आजारपणानं तोंडाची चव गेली असं समजतील. मी तीनदा घेतला.

“खाण पाहायला आलीस?” मावशी म्हणाली. “लग्नाचं वय झालं तुझं, आणि तू दगड पाहात फिरतेस.”

“दगडच बरे, मावशी. ते हुंडा मागत नाहीत.”

काका पेपरामागून हसले. मावशीनं मला आणखी भात वाढला, म्हणजे तिचा राग गेला असं मी धरलं.

चुकून इचोडा

सकाळी स्टँडवर गेले. सगळ्या बसच्या पाट्या तेलुगूत. मी शिकलेली, लेखिका, अन्यायाविरुद्ध लिहिणारी. मला कुणाला विचारायची लाज वाटली. एका बसभोवती धोतरवाले मराठी शेतकरी दिसले म्हणून खुशाल चढले. दीड तासानं कंडक्टर म्हणाला, “इचोडा, इचोडा!” बोरटेक उलट्या दिशेला राहिलं होतं.

इचोडा म्हणजे हैदराबाद-नागपूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेला बाजार. टायरची दुकानं, ढाबे, पाण्याच्या टाकीखाली अंघोळ करणारे ड्रायव्हर. मी चहा घेऊन बाकावर बसले आणि समोर काय उभं! काळ्या दगडांनी भरलेला ट्रक. मी चहा टाकून धावले.

ड्रायव्हर रहीमभाई आदिलाबादचे. जेवून दात कोरत उभे होते. माल कुठला, विचारलं.

“बोरटेकचा. मँगनीज. पोलादात घालतात म्हणे. तुमी काऊन विचारून राह्यल्या?”

मी सांगितलं की मी या खाणीवर गोष्ट लिहिली आहे, बोगद्यात मजूर कसे गुदमरतात त्यावर.

“बोगदा?” त्यांनी दात कोरणं थांबवलं. “कुठला बोगदा, बाई? उघडी टेकडी हाय. पपई कापल्यावानी.”

“आणि धूर?”

“धूर माह्या ट्रकचा.”

त्यांनी फाळक्यावर चढून नारळाएवढा दगड काढला आणि माझ्या हातावर ठेवला. माझं मनगट एकदम खाली गेलं! इतक्याशा दगडात एवढं वजन असेल अशी हाताची तयारीच नव्हती. तळव्यावर काजळीसारखा डाग उमटला. सोळा पानं लिहिताना ज्या वस्तूबद्दल मी लिहीत होते, ती मी पहिल्यांदा उचलली होती. मला नाचावंसं वाटलं, आणि त्याच वेळी तोंड लपवावंसंही.

बोरटेक

दुसऱ्या दिवशी विचारून विचारून योग्य बसमध्ये बसले. बोरटेक तीसेक घरांचं, कापूस-ज्वारीचं गाव. वेशीवर पंचविशीचा लांबोडका गणपत उभा होता.

“याच का लेखिकाबाई?” तो म्हणाला. “मले वाटलं, म्हाताऱ्या असतीन. एवढी मानसं मारता तुमी.”

त्यानं मला सरळ आपल्या काकूकडे नेलं. काकू म्हणजे अनुसयाबाई, पन्नाशीच्या, खाणीवर दगड निवडायला जातात. नवरा किसन वावर, म्हणजे शेत, पाहतो. त्या दिवशी सुट्टी होती. बाई अंगणात चिंचेच्या कोळानं हात घासत होत्या, आणि तरी बोटांच्या चिरा काळ्याच होत्या.

“हे का ती?” त्यांनी गणपतला विचारलं. मग माझ्याकडे वळून, “काय व पोरी, मले काऊन मारलं?”

“तुम्हाला? मी?”

“गनपतनं सारी गोष्ट वाचून दाखवली. टेकडीवर निवडाईले जानारी बाई म्हनजे मीच ना? मले गोट्याखाली चेपून टाकलं. रडल्या असतीन शहरातल्या बाया. पन मेलेल्या बाईले अर्ज करता येत नाई. माह्या वावराचं मंग कोन पायनार?”

त्यांनी गरम भाकर, चून म्हणजे पिठलं आणि जवसाची चटणी पुढं केली. “खाय. भांडन जेवल्यावर करू.”

जेवल्यावर भांडण झालं नाही. तिघं मला वावर दाखवायला घेऊन गेले.

टेकडी खरंच कापलेल्या पपईसारखी उघडी आहे. आत काळे, तपकिरी, गेरूचे पट्टे. इतकी सुंदर की मला स्वतःचाच राग आला. धूर नाही. बोगदा नाही. सगळीकडे ऊन, पळसाची उरलीसुरली फुलं आणि खाली दगड-मुरुमाचा एक मोठा ढीग. खाणीतून कामाचा दगड ट्रकमध्ये जातो आणि बिनकामाचा इथं येतो. लोक त्याला मलमा म्हणतात. करंज आणि उंबरांची एक दुहेरी रांग गावाकडून वळणं घेत येते, त्या ढिगापाशी थांबते आणि ढिगापलीकडे पुन्हा सुरू होते.

“दिसला नाला?” गणपत म्हणाला.

“नाही.”

“तोच दाखवून राह्यलो.”

मग कळलं! झाडांच्या दोन रांगांमधून पूर्वी नाला वाहत होता. मलमा त्याच्या पात्रात टाकला. गेल्या पावसाळ्यात अडलेलं पाणी वळलं आणि अनुसयाबाईंच्या वावरातून गेलं. वावराचा धुरा, म्हणजे बांध, तोही कमजोर झालेला होता, कारण खाण सुरू झाली तेव्हा ठेकेदारानं धुऱ्यावर पडलेले काळे गोटेही उचलून नेले होते. “आमीच हासत हासत नेऊ देल्ले,” किसनभाऊ म्हणाले. “बापजाद्यापासून वावरातले गोटे वेचून धुऱ्यावर टाकत आलो. कोनी फुकट उचलून नेते म्हनल्यावर आमाले वाटलं, चांगलंच झालं.” गोटे गेले, धुरा ढिला झाला, नाला वळला आणि अर्ध्या वावरातली काळी माती वाहून गेली. उरलेल्या अर्ध्यात ते कापूस लावणार आहेत. ढीग मिरगाच्या आत हलला नाही तर तेही जाईल. मग वावर म्हणून सातबाऱ्यासारखा इथला जो पहाणीचा कागद असतो, तेवढाच हातात राहील.

माझ्या गोष्टीत नदी रडत होती. इथं नाला नुसता सरकवला होता, आणि त्यासाठी कुणाला चाबूक उगारावा लागला नव्हता.

दोन दगड

रात्री तिथंच राहून दुसऱ्या दिवशी सकाळी मी अनुसयाबाईंबरोबर खाणीवर गेले. चार बांबूंवर ताडपत्री, तिच्या सावलीत दहा-बारा बाया. समोर दगडांची रास. त्या डोळ्यांनी निवडतच नाहीत! दगड उचलायचा, हातात एकदा झेलायचा आणि डावीकडे किंवा उजवीकडे टाकायचा. जड तो माल, हलका तो मलमा.

“डोये मीट,” अनुसयाबाई म्हणाल्या आणि माझ्या दोन हातांत दोन दगड ठेवले. “माल कोनता?”

“डावा.”

सगळ्या बाया खो-खो हसल्या. पुन्हा दोन. पुन्हा चुकले. सहा वेळा चुकले. एक जण म्हणाली, “लिवून लिवून हात हलका झाला व बाईचा.” सातव्या वेळी बरोबर आलं आणि मी अशी ओरडले की वर सुरुंगाची भोकं पाडणारी माणसं वाकून पाहू लागली.

दुपारपर्यंत मी निवडत बसले. अनुसयाबाईंना विचारलं, ठेकेदाराविरुद्ध अर्ज दिलाय, आणि कामालाही त्याच्याकडेच येता?

“हात त्याच्या खानीत, पाय माह्या वावरात,” त्या म्हणाल्या. “दोनी माहेच हायेत. कोनता तोडू?”

खाण बंद करा, असं मी पत्रकात लिहिलं असतं. तिथं बसलेल्या एकाही बाईनं तसं म्हटलं नाही. त्यांची मागणी एका ढिगाची होती: जिथून पाणी जातं तिथून तो उचला. इतकी साधी, इतकी नेमकी मागणी मी कुठल्याच गोष्टीत वाचली नव्हती.

मौका

अर्जावर तपासणी करायला, म्हणजे इथल्या भाषेत मौका पाहायला, शुक्रवारी सरकारी कचेरीतले साहेब येणार होते. शनिवारी मारुतीचा भंडारा होता आणि त्यात दंडार करायची होती. दंडार आमच्याकडेही असते, सोंगं, गाणी आणि टिंगल यांचं गावनाटक. तालीम नाल्याकाठच्या उंबराखाली चालली होती. यंदाचं सोंग खाणीचं! दाढीवाला एक माणूस लुगडं नेसून टेकडी झाला होता आणि “माहे डाग-दागिने काढून नेले व माय” म्हणून गळा काढत होता. गोधडीखाली दोन माणसं मिळून बैल. पुढचे पाय गणपतचे, मागचे किसनभाऊंचे.

शुक्रवारी दुपारी बाराला जीप आली. साहेब तेलुगू बोलणारे, शांत, घामानं भिजलेले. बरोबर पटवारी आणि ठेकेदार. ठेकेदाराला सोन्याचा दात नव्हता. पांढरा सदरा, मऊ बोलणं, आणि हातात काय? आपला दिवाळी अंक! त्याच्या मुनीमाला मराठी येतं.

“आपने लिखा है? बहुत अच्छा लिखा है,” तो मला म्हणाला. मग साहेबांकडे वळला. “देखिए साहब, इसमें लिखा है सुरंग, धुआँ, कोड़ा, मरी हुई औरत. आप खुद देख लीजिए. सुरंग है? धुआँ है? औरत तो वो खड़ी है.”

अनुसयाबाई खरंच समोर उभ्या होत्या, जिवंत.

माझ्या गोष्टीतलं एकही पाप त्याच्याकडे नव्हतं, म्हणून तो निर्दोष ठरत होता! मी पुढं झाले आणि तोडक्यामोडक्या हिंदीत भाषण ठोकलं. शोषण, निसर्ग, भांडवल, सगळं आलं त्यात. साहेबांनी रुमालानं मान पुसली. पटवारी जांभई देत होता. नाला हा शब्द मी एकदाही उच्चारला नाही, हे मला बसल्यावर कळलं.

तेवढ्यात ढोलकी वाजली. तालीम थांबलीच नव्हती. गोधडीचा बैल उंबराखालून निघाला, करंजाच्या रांगेतून वळणं घेत डुलत चालला, आणि ढिगाला नाक लावून उभा राहिला. हलेना. पोरं हसायला लागली. बैलानं ढिगाला एक ढुशी दिली. आतून किसनभाऊंचा आवाज, “गनपत, हळू ना गा, माही कंबर गेली!”

साहेब हसले. मग हसता हसता थांबले.

“ये बैल इधर कायकू रुक गया?”

“प्यास लगी है, साहब,” गोधडीतून गणपत.

“तो पियो.”

“पानी के उपर पत्थर रख दिये, साहब.”

साहेबांनी बैलाकडे पाहिलं. बैल ज्या झाडांमधून आला त्या रांगेकडे पाहिलं. ढिगाला वळसा घालून पलीकडे गेले, तिथली झाडं पाहिली. परत येऊन पटवाऱ्याला म्हणाले, “नक्शा.” पटवाऱ्यानं बोनेटवर नकाशा पसरला. एक रेघ गावाकडून येत होती आणि ढीग होता तिथून थेट पुढं जात होती.

“नक्शे में नाला है,” साहेब म्हणाले. “मौके पर नहीं है.”

आठ दिवसांत ढीग उचलायचा, असं त्यांनी तिथंच लिहिलं. मी टाळ्या वाजवल्या, एकटीनंच! गोधडी उडवून गणपत बाहेर आला, केस घामानं चिकटलेले. “बाई,” तो म्हणाला, “आमच्या गोष्टीत कोनी मेलं नाई, पाहा.”

अनुसयाबाई ढिगाजवळ गेल्या, एक गोटा उचलला, हातात झेलला आणि बाजूला टाकला.

परत, यवतमाळ

मी निघाले त्या दिवशी रहीमभाईंच्या ट्रकनं मलम्याच्या पहिल्या खेपा हलवल्या होत्या. मी बसमध्ये वेड्यासारखी हसत बसले होते. मावशीनं चिंचेच्या भाताचा डबा बांधून दिला होता. तो मी पैनगंगेच्या पुलावरच संपवला.

दहा दिवसांपूर्वी गणपतचं कार्ड आलं. ढिगात एक बैल जाईल एवढी वाट झाली आणि काम थांबलं. ठेकेदारानं लेखी उत्तर दिलं आहे: तक्रार एका कल्पित कथेवर आधारलेली असून पुराव्यादाखल ती कथा सोबत जोडली आहे. माझी सोळा पानं आता फायलीत आहेत! साहेबांची बदली झाली. नवे साहेब म्हणतात, छापील कागद पाहून ठरवू. काकूला ठेकेदारानं खाणीवर येऊ नको म्हटलं आहे.

मी कळवलं, वडिलांच्या मशीनवर पत्रक काढते, रातोरात. गणपतचं उत्तर आलं: ‘पत्रक कोनी फायलीत लावत नाई, बाई. ज्या पुस्तकात गोष्ट आली त्याच पुस्तकात पायजे.’

मी संपादकांकडे गेले. गेल्या अंकातल्या कथेला शुद्धिपत्र जोडा म्हटलं. ते म्हणाले, “कथेला शुद्धिपत्र नसतं. प्रवासवर्णन द्या, ते छापतो. बाकीचं वाचकांनी मागितलं तर बघू.”

म्हणून हे वर्णन, घाईनं, मिरगाला महिना उरला असताना. शुद्धिपत्र मी लिहून ठेवलं आहे, तीन ओळींचं: त्या टेकडीत बोगदा नाही. रुक्मी जिवंत आहे, तिचं खरं नाव अनुसया. टेकडीखाली नाला आहे आणि त्यात खाणीचा मलमा टाकलेला आहे.

गेल्या दिवाळीत तुम्ही रुक्मीसाठी रडलात. त्या रडण्यातलं एक पोस्टकार्ड आता अनुसयाबाईंना द्या. संपादकांचा पत्ता या अंकाच्या पहिल्या पानावर आहे. माझं कौतुक नको, लांब मजकूरही नको. आजच लिहा आणि आजच पेटीत टाका. दोनच शब्द पुरेत:

नाला छापा.